उमेदवारी परवडत नाही म्हणणाऱ्यांना



विधानसभा आपल्याला परवडत नाही, असं सांगणारे पुढारी कायद्यातला सोयीचा आकडाच सांगतात. ४० लाख ही २०२२ पासूनची खर्चाची कमाल मर्यादा. तेवढे उधळलेच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? अपक्षाला लागतात मतदारसंघातले १० सूचक आणि १०,००० रुपये अनामत. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. होऊ द्या!

सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघता ना? (न बघणारेही आहेत, मग दुबार पेरणी.) तशी उमेदवाराचीही बघा. अनामत गावोगाव दहा-दहा रुपयांनी गोळा करा. ठेकेदाराच्या पैशानं अर्ज भरणारा सभागृहात शेतमालाच्या भावावर तोंड उघडेल? वर्गणी जमली नाही, तर अर्ज भरू नका.