महाविद्यालयीन उपक्रम : कार्यकर्ता की प्रेक्षक?

गणेशविसर्जन आटोपले की महाविद्यालयांचे सूचनाफलक भरू लागतात. युवक महोत्सवाच्या फेऱ्या, एकांकिका स्पर्धेची नावनोंदणी, राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर, १२ जानेवारीचा युवक दिन आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत वार्षिक स्नेहसंमेलन. त्याला लागून येणारे निरनिराळे ‘डेज’ आता तालुक्याच्या गावीही रुळले आहेत. त्यांवर नाके मुरडणारे लेख पुष्कळ येऊन गेले. तरुण मुलांनी चार दिवस नटावे, हसावे, यात संस्कृती बुडत नाही. चिंता निराळी आहे. हे उपक्रम ठरवतो कोण आणि पार पाडतो कोण?

एके काळी स्नेहसंमेलनाचा मांडव, पाहुण्यांची ने-आण, वार्षिक अंकाची मुद्रिते, शेवटी जमाखर्चाचा मेळ, हे सारे विद्यार्थ्यांच्या अंगावर पडे. त्यात गोंधळ होई, भांडणे होत. पण पंचवीस जणांना बरोबर घेऊन काम कसे करावे, याचे शिक्षण त्यातूनच मिळे. आज अनेक ठिकाणी प्रायोजक, ध्वनी-प्रकाशाचा कंत्राटदार आणि मानधनावर आणलेला निवेदक मिळून समारंभ उरकतात. विद्यार्थी शुल्क भरतो आणि टाळ्या वाजवतो.

याला कायद्याचाही हातभार लागला. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका संपुष्टात आणून गुणानुक्रमे प्रतिनिधी घेण्याची पद्धत रूढ केली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीचे दार पुन्हा उघडले खरे, परंतु २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या. परीक्षेतील गुण हे नेतृत्वाचे गमक कसे, हे कोडे कोणी उलगडून सांगितलेले नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे आणि दोन वर्षांत एकदा सात दिवसांचे निवासी शिबिर करावे, अशी तिची रचना. शिबिरातले आवडते काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती मातीने वा वाळूने भरायची, तोंडे शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. खर्च नगण्य, लाभ मोठा : रब्बीला पाणी, गुरांना पाणी, विहिरींना पाझर. अट एकच. पावसाळा सरल्यावर ओढा मंदावलेला असावा, पण वाहता असावा. हा काळ साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरचा.

आणि आमची शिबिरे भरतात कधी? सत्रपरीक्षा आटोपल्यावर, बहुधा डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत. तोवर अवर्षणग्रस्त भागातले कित्येक ओढे कोरडे पडलेले असतात. मुले घाम गाळतात, बंधारा उभा राहतो, छायाचित्र निघते, अहवाल जातो. अडवायला पाणीच नसते. गावकरी शहाणे असतात, ते काही बोलत नाहीत. पुढल्या वर्षी शिबिर आले की शाळेची खोली उघडून देतात, इतकेच.

आता नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, कला यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. या उपक्रमांना अभ्यासक्रमात मान मिळाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु श्रेयांकासाठी येणारा विद्यार्थी हजेरीपत्रकावर सही झाली की निघतो, ही भीतीही अनाठायी नाही. बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकले, हे मोजायला मार्चमध्ये तोच विद्यार्थी पुन्हा गावात गेला, तर त्या श्रेयांकाला अर्थ आहे.

मुंबईच्या नॅशनल महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. यशवंतराव केळकरांनी विद्यार्थी परिषदेची घडण करताना हीच दृष्टी ठेवली होती : विद्यार्थी हा उद्याचा नव्हे, आजचाच नागरिक आहे आणि जबाबदारी पेलूनच तो घडतो. परिषदेच्या प्रेरणेने १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ या उपक्रमात ईशान्य भारतातील विद्यार्थी देशाच्या अन्य भागांतील कुटुंबांत राहू लागले. त्याला व्यासपीठ लागले नाही, ध्वनिक्षेपक लागला नाही. कोणाच्या तरी आईने पानात एक पोळी अधिक वाढली आणि मणिपूर किंवा नागालँड हे नकाशावरचे नाव न राहता घरातले माणूस झाले.

म्हणूनच हा प्रश्न केवळ प्राचार्यांचा नाही, आपल्या घरांचाही आहे. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचे ठरवले, तर पहिला विरोध पालकांकडूनच होण्याचा संभव आहे. क्लास बुडेल, सहलीचे आरक्षण झाले आहे, पाणी बाधेल. मुलाला एकट्याने परदेशी पाठवायला तयार असलेले घर पन्नास किलोमीटरवरच्या खेड्यात सात दिवस पाठवताना कचरते, हे नवलच.

महाविद्यालयांनी जुलैमध्येच दत्तक गावाच्या ग्रामसभेला विचारून शिबिराची तारीख ठरवावी. त्या बैठकीला प्राध्यापकांबरोबर चार विद्यार्थी असावेत. सामानाची यादी, भोजनाची व्यवस्था आणि हिशेब त्यांच्याकडे सोपवावा. आणि सूचनाफलकावर ती तारीख लागली, की पालकांनी दिवाळीचे आरक्षण ती पाहूनच करावे.