राजा बदलला की देव बदलतो?

इंग्रजी वारांची नावे आपल्या मुलांना बालवाडीतच पाठ होतात. त्यांतील ट्यूसडे हा तिउ या देवाचा, वेन्सडे वोडनचा, थर्सडे थुनोरचा आणि फ्रायडे फ्रिग या देवीचा वार. ज्या अँग्लो-सॅक्सन लोकांवरून इंग्लंडला त्याचे नाव मिळाले, त्यांची ही दैवते. आज त्यांचे एकही प्राचीन देऊळ उभे नाही. त्यांच्या उपासनेचा एकही ग्रंथ हाती नाही. देव गेले, वार तेवढे उरले. इ. स. ५९७ ते ६८६ अशा अवघ्या नव्वद वर्षांत सारी राजघराणी नव्या धर्मात गेली. हे कसे घडले, याचा विचार धर्म आणि समाज यांची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

या घडामोडींचा मुख्य आधार म्हणजे जॅरोच्या मठातील बीड या ख्रिस्ती विद्वानाने ७३१ साली पूर्ण केलेला इतिहास. पराभूत पक्षाने लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. तरीही बीडचा प्रामाणिकपणा असा की, त्याच्याच लेखनातून या परिवर्तनाची यंत्रणा स्पष्ट दिसते.

पोप ग्रेगरीने पाठविलेला ऑगस्टीन ५९७ साली केंटच्या राज्यात उतरला. तेथील राजा एथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँक राजकन्या आधीपासूनच ख्रिस्ती होती आणि आपल्यासोबत बिशप घेऊन आली होती. राजाने दीक्षा घेतली आणि प्रजेची रीघ लागली. ६०१ साली ग्रेगरीने दोन पत्रे लिहिली. पहिल्यात एथेलबर्टला देवस्थाने पाडण्याचा उपदेश होता. दुसरे, मेलिटस या धर्मप्रचारकाला लिहिलेले पत्र अधिक दूरदर्शी होते. देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या नष्ट करा. तीर्थ शिंपडून तेथेच वेदी उभारा. लोकांच्या मेजवान्या चालू द्या, मात्र त्या संतांच्या नावाने होऊ द्या, असा त्याचा आशय होता. वास्तू तीच, सण तोच, आतील देव मात्र वेगळा!

परंतु जे राजाच्या इच्छेने आले, ते राजाच्या इच्छेने जाऊही शकत होते. ६१६ साली एथेलबर्ट वारला आणि त्याचा पुत्र एडबाल्ड काही काळ जुन्या उपासनेकडे वळला. शेजारच्या एसेक्समध्ये राजपुत्रांनी मेलिटसला हाकलून दिले. ईस्ट अँग्लियाच्या रेडवाल्डने तर एकाच देवळात ख्रिस्ताची आणि जुन्या दैवतांची अशा दोन वेद्या मांडल्या. प्रजेला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

सर्वांत उद्बोधक प्रसंग नॉर्थम्ब्रियाचा आहे. ६२७ साली राजा एडविनने नव्या धर्माविषयी सरदारांचे मत घेतले. तेव्हा जुन्या धर्माचा मुख्य पुरोहित कोइफी पुढे आला. आपल्याइतकी निष्ठेने देवांची सेवा कोणी केली नाही, तरी राजाची कृपा इतरांवरच अधिक झाली. मग या देवांचा उपयोग काय, हा त्याचा युक्तिवाद! तो घोड्यावर बसला, गुडमनहॅमच्या देवळात त्याने भाला फेकला आणि ते जाळून टाकण्याची आज्ञा दिली. देवळावरचा पहिला घाव परकीय प्रचारकाचा नव्हता; तो त्याच देवळाच्या पुजाऱ्याचा होता.

यानंतरच्या लढायांना निव्वळ धर्मयुद्ध म्हणता येत नाही. ६३३ साली एडविनला मारले ते मर्सियाच्या पेंडाने. पण त्याचा साथीदार कॅडवॉलन हा ख्रिस्ती ब्रिटन राजा होता. एडविन पडताच त्याचे राज्य पुन्हा जुन्या देवांकडे गेले. ऑसवाल्ड गादीवर येताच आयोना बेटावरून ख्रिस्ती साधू आले. ६४२ साली पेंडाने ऑसवाल्डलाही मारले. या पेंडाने आपल्या राज्यात ख्रिस्ती प्रचाराला मनाई केली नव्हती, असे बीडच नमूद करतो. त्याला तिटकारा होता तो धर्म स्वीकारून त्याप्रमाणे न वागणाऱ्यांचा. ६५५ साली पेंडा रणात पडला आणि जुन्या दैवतांचा अखेरचा प्रबळ आधार संपला. ६६४ साली व्हिटबीच्या धर्मसभेत आयोनाची परंपरा की रोमची, हा वाद निघाला. त्याचाही निर्णय राजा ऑस्वी यानेच दिला, रोमच्या बाजूने.

शेवटचा अध्याय रक्ताने लिहिला गेला. ६८६ साली वेसेक्सच्या कॅडवालाने वाइट बेट जिंकून तेथील रहिवाशांचा संहार आरंभिला आणि बेटाचा चौथा हिस्सा चर्चला दिला. तेथील राजाच्या दोन कोवळ्या भावांना आधी बाप्तिस्मा देण्यात आला आणि मग ठार करण्यात आले.

नव्या धर्माने लेखनकला आणि विद्या आणली, हे नाकारण्याचे कारण नाही. विचारपूर्वक श्रद्धा बदलणाऱ्या व्यक्तीशीही आमचा वाद नाही. प्रश्न आहे तो ज्यांना कोणी विचारलेच नाही, त्यांचा. संत कथबर्टच्या चरित्रात बीडने टाइन नदीच्या मुखाशी घडलेला प्रसंग दिला आहे. मठातील साधूंचे तराफे समुद्रात ओढले जात असता काठावरचे शेतकरी त्यांची कुचेष्टा करू लागले. यांनी आमची जुनी उपासना हिरावली आणि नवी कशी करायची हे कोणालाच ठाऊक नाही, ही त्यांची तक्रार होती. दुःख खरे होते. पण ते दुःख उचलून धरील असा संत, अशी संस्था, अशी परंपरा त्या समाजात उभी राहिलेली दिसत नाही.

राजसत्ता आणि चर्च यांची हीच युती सोळाव्या शतकात गोमंतकाने अनुभवली. पोर्तुगीज अमलात तिसवाडी, सासष्टी, बार्देशातील देवळे पडली. परंतु तेथील भक्तांनी कोइफीचा मार्ग धरला नाही. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर अंत्रूज महालात नेली. तेथेही राज्य स्वकीयांचे नव्हते, आदिलशाहीचे होते. राजाश्रय नव्हता, पण कुळाचा देव कुळाने उचलून नेला आणि आजही त्याच्यापुढे दिवा तेवतो आहे.

यातून आपण काय घ्यायचे? सत्ता अनुकूल असली की निश्चिंत व्हायचे आणि प्रतिकूल झाली की हताश व्हायचे, ही एडविनच्या दरबाराची रीत आहे. शासन येते आणि जाते. धर्म टिकतो तो घरातील देव्हाऱ्यात, गावच्या जत्रेत, पंढरीच्या वाटेवर. आपला कुलाचार मुलांना ठाऊक आहे काय? वनवासी पाड्यावरचा, सेवावस्तीतला बांधव आपल्या देवळात आपलेपणाने येतो काय? तो उपेक्षित राहिला आणि दूर गेला, तर दोष केवळ प्रचारकाला देऊन आपली सुटका होणार नाही. देवाची सेवा लाभाच्या हिशेबाने करणारा कोइफी प्रत्येक समाजात असतो. तो आपल्यात निपजू नये, ही जबाबदारी कोणत्याही राजाची नाही. ती आपली आहे.