प्रशस्तीच्या पुढचं वाचा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आमच्या मामांचं. गेल्या आठवड्यात त्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला: लातूर ही राष्ट्रकूट साम्राज्याची राजधानी होती, काश्मीर ते कन्याकुमारी सगळे राजे लातूरपुढे झुकायचे, प्रत्येक लातूरकराने हा मेसेज पुढे पाठवावा. खाली पुरावा म्हणून एकच शब्द, 'लट्टलूरपुरवराधीश्वर'. त्याखाली सगळ्या मावश्यांचे, भाच्यांचे जोडलेले हात. मी फक्त "राजधानी नव्हती हो मामा" एवढंच लिहिलं. मामांचं उत्तर आलं, "पुण्याला गेलास म्हणून गावाला कमी लेखू नकोस." ग्रुपवर भांडण नको, म्हणून इथे लिहितोय. मामा हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे आधी नमस्कार.

तर तो शब्द. 'लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा अधिपती' असा त्याचा अर्थ. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. (फ्लीटसाहेबाने आधी ते थेट छत्तीसगडच्या रतनपूरला नेलं होतं, नंतर मत बदललं.) इथपर्यंत मामा बरोबर. पण हे बिरुद कोणी आणि कधी लावलं ते बघा. राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली दंतिदुर्गाने, 753 च्या सुमारास. बिरुद ठळकपणे दिसतं ते अमोघवर्षाच्या काळातल्या 866 च्या शिलालेखांत, तेही कर्नाटकातल्या सिरूर आणि निलगुंद इथे. म्हणजे शंभरेक वर्षांनी, लातूरपासून लांब. राजधानी तेव्हा मान्यखेट, आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. पुढे हेच बिरुद सौंदत्तीचे रट्ट लावू लागले. त्यांचं राज्य बेळगाव-धारवाडकडे! लातूरशी राज्यकारभाराचा त्यांचा काय संबंध? पण मूळ घराणं लट्टलूरचं म्हटलं की आपण राष्ट्रकूटांचे वारस ठरतो, एवढा हिशोब होता. आजही पुण्यात तीन पिढ्या काढलेला माणूस "आम्ही मूळचे अमुक ठिकाणचे देशमुख" म्हणतो, त्यातलाच प्रकार. बिरुद हा दावा असतो. कुळाच्या गावाचं नाव सांगणारा दावा म्हणजे राजधानीचा पुरावा नव्हे.

माझं भांडण मात्र लातूरच्या राजधानीपुरतं नाही. आपण जुने लेख कसे वाचतो त्याच्याशी आहे. त्या काळच्या ताम्रपटाचे ढोबळमानाने तीन भाग असतात. आधी प्रशस्ती: राजा सूर्यासारखा, शत्रूंच्या बायका रडतात, हत्तींची गंडस्थळं फुटतात वगैरे. मग दान: कुठलं गाव, चतुःसीमा काय, कोणाला दिलं, कुठले कर माफ. शेवटी शाप: स्वतः दिलेली असो वा दुसऱ्याने दिलेली, ही जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल.

आपण पहिला भाग वाचतो आणि फलक रंगवतो. पुढचे दोन वाचतच नाही. आणि राजसत्ता म्हणजे खरोखर काय होती ते त्याच दोन भागांत आहे!

हा शाप कोणासाठी आहे? चोराचिलटांसाठी नाही. तो पुढच्या राजांसाठी आहे, स्वतःच्या वंशातल्यांसाठीसुद्धा. म्हणजे वर ज्याच्या पायाशी सगळी पृथ्वी लोळत असते, त्यालाच खाली आपला शब्द आपल्यामागे पाळला जाईल याची खात्री नाही. त्याच दानात बहुधा असंही असतं की राजाच्या शिपायांनी, चाट-भटांनी, या गावात पाऊल टाकू नये. आपलीच माणसं गावाला किती जड होतात हे राजाला पक्कं ठाऊक होतं. प्रशस्ती लिहिणाऱ्या कवीने हे कधीच सांगितलं नसतं.

आणि तो अमोघवर्ष? लहानपणी गादीवर आला (814), मग बंड झालं, सत्ता हातची गेली. गुजरात शाखेच्या कर्काने ती परत मिळवून दिली. हे आपल्याला कळतं ते कर्काच्या ताम्रपटामुळे. चक्रवर्ती चुलतभावाच्या उपकारावर उभा होता.

आता आमच्या आजोळी चला, कंधारला. नांदेडहून एसटीने गेलात की भुईकोट दिसतो, भोवती खंदक. लोक दरवाजात फोटो काढतात आणि "राष्ट्रकूटांचा किल्ला" म्हणून परततात. आज दिसणाऱ्या किल्ल्यावर बहमनी, निजामशाही आणि पुढच्यांचाही हात आहे, ते जाऊ द्या. कंधारला तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख मिळाला. हा कृष्ण साधासुधा नव्हता. 949 मध्ये तक्कोलमला त्याने चोळांचा पराभव केला. मग त्याच्या काळातल्या या लेखात लढायांची यादी असेल? भर आहे तो देवळांच्या व्यवस्थेवर आणि अन्नछत्रावर. लोकांना खाऊ घालायला कुठून काय द्यायचं, याचा बंदोबस्त.

कृष्ण वारला 967 मध्ये. 972 मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटलं, पुढच्याच वर्षी तैलपाने राष्ट्रकूट संपवले. दक्षिणेतली सगळ्यात मोठी सत्ता सहा वर्षांत गेली! मळखेडला जाऊन राजवाडा शोधा, हाती फारसं काही लागत नाही. कंधारचा तलाव मात्र आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचं बिरुद, तलावाचं नावही अजून तेच, जगत्तुंग सागर. मराठवाड्यात, जिथे 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे राजा म्हणून काय टिकलं ते यावरून समजावं.

एक कटू गोष्टही सांगून टाकतो (शिव्या गृहीत धरल्या आहेत). नांदेड-लातूर भागातले त्या काळचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. अमोघवर्षाच्या दरबारातला 'कविराजमार्ग' कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, म्हणजे नांदेडच्या घाटापर्यंत. 'आपले राजे' म्हणताना हे लक्षात असू द्या. त्यांना ना आजचा महाराष्ट्र ठाऊक होता, ना आजचं कर्नाटक.

कोणी म्हणेल, एवढं काय, गावाचा अभिमान वाढला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. अभिमानाला प्रशस्ती पुरते, दगड लागत नाही. म्हणून चौकात राजाची कमान उभी राहते आणि देवळाच्या भिंतीतल्या लेखावर दर दिवाळीला ऑइलपेंटचा नवा हात बसतो. वीरगळावर कपडे धुतलेले मी लहानपणी पाहिलेत, आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एक लेख बुजला की एखाद्या गावाची चतुःसीमा, एखादा कर, एखादं अन्नछत्र कायमचं गेलं. राजाचं काही जात नाही, त्याची बिरुदं इतर पन्नास ठिकाणी आहेतच.

असो. मामा, दिवाळीत येतोय. पापविनाशक मंदिरात चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या काळातला शिलालेख आहे, लातूरमध्येच, तुमच्या घरापासून रिक्षाने जाण्यासारखा. त्यात पाचशे विद्वान या गावात राहत असल्याचा उल्लेख आहे. मला विचाराल तर राजधानीपेक्षा हे मोठं. आपण दोघं जाऊन बघू. आणि बाकी मंडळींनी, गावच्या देवळात रंगाखाली अक्षरं दिसत असतील तर पुढच्या रंगरंगोटीआधी पुजाऱ्यांशी जरा बोलावं.

तूर्तास एवढंच.