मिठाच्या चरावरचे मूस

टोरंटोपासून मोटारीने सुमारे तीन तासांच्या अंतरावर, 1893 साली राखून ठेवण्यात आलेले अल्गोंक्विनचे विस्तीर्ण अरण्य आहे. मे महिन्यात, सरोवरांवरचे बर्फ नुकते फुटलेले असताना, भल्या पहाटे तेथील साठ क्रमांकाच्या हमरस्त्यावर मूस पाहण्यासाठी जे हौशी लोक जातात, त्यांत टोरंटोच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही असतात, आणि त्यांची ही हौस मला मनःपूर्वक आवडते. मूस म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. रस्त्याकडेच्या चरात लांबलचक पाय फाकवून ते मान खाली घालते, लोंबता वरचा ओठ गढूळ पाण्याला टेकवते आणि संथपणे पाणी ओढू लागते. हिवाळी केस झडत असल्यामुळे त्याच्या खांद्यावर फिकट चट्टे पडलेले दिसतात.

परंतु हे जनावर तेथे येते, त्याचे कारण आपणच निर्माण केले आहे. हिवाळाभर डहाळ्यांवर गुजराण केल्याने त्याच्या शरीरात सोडियमची तूट आलेली असते, ती भरून काढणाऱ्या जलवनस्पती अद्याप उगवलेल्या नसतात, आणि रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून हिवाळ्यात टाकलेले मीठ मात्र कडेच्या चरांत साचलेले असते. म्हणजे, आपल्याकडील वन्यपशू ज्या ओढीने मिठाच्या चाटणावर येतात, त्याच ओढीने मूस थेट भरधाव मोटारींच्या वाटेवर येते. त्यातच नव्या प्रसूतीपूर्वी मादी आपल्या वर्षभराच्या पिलाला हाकलून लावते, आणि ती भांबावलेली पिले याच दिवसांत रस्त्यांवर भटकतात. शेकडो किलोंचे ते काळसर धूड अंधारात चटकन दिसत नाही. धडक बसली, की मोटार पायांवर आदळते आणि सारा देह काचेवर कोसळतो.

म्हणून दर्शनार्थ्याने वेग आवरावा, वळणावर गाडी उभी करू नये आणि छायाचित्रासाठी खाली उतरून जनावराला रस्त्याच्या मध्यावर रेटू नये, इतके तर त्याच्याकडून अपेक्षिलेच पाहिजे. पण सारी जबाबदारी त्याच्यावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. क्वेबेक प्रांतात अशी खारी डबकी उपसून त्यांत दगड भरण्याचा उपाय अमलात आणला गेला आहे. धोक्याच्या वळणांपुरती तरी तशीच तजवीज अल्गोंक्विनच्या हद्दीत व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या होणारे सुलभ दर्शन काहीसे दुर्मिळ होईल, हे मला मान्य आहे. तथापि जून-जुलैत मूस सरोवरांच्या उथळ काठांवर जलवनस्पती खाण्यासाठी उतरतेच; तेव्हा ज्यांना ते पाहावयाचे असेल, त्यांनी पहाटे वल्ह्यांची होडी घेऊन, दुरूनच आणि वाऱ्याचा रोख सांभाळून, तेथे जाण्याचे श्रम घ्यावेत.