‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाचा अर्थ पालकांना कोण सांगणार?



या ब्लॉगवर आपण एरवी पाठ, निबंध आणि उपक्रम टाकतो. आज जरा वेगळं लिहिते आहे. ही माझी वैयक्तिक मतं आहेत, कोणत्याही संघटनेची नाहीत. पटली नाहीत तर मोकळेपणाने सांगा.

जून 2025 मधली गोष्ट. 16 जूनला आमच्याकडे शाळा उघडल्या. पहिलीत नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकं आलेली. प्रवेशोत्सव झाला, मुलांच्या पावलांचे ठसे घेतले, फुगे फुटले, दोन मुलं रडून घरी गेली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 17 तारखेला, तिसऱ्या भाषेचा सुधारित शासन निर्णय आला. संध्याकाळपर्यंत तो शिक्षकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होता. सकाळी पहिलीतल्या एका मुलीची आई फाटकापाशी उभी. म्हणाली, “बाई, हिंदी हाय का नाय मग? टीव्हीवर एक सांगत्यात, मोबाईलवर दुसरंच.”

मी शासन निर्णय दोनदा वाचला होता. तरी मला सरळ उत्तर देता आलं नाही.

थोडं मागे जाऊन सांगते. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली होती. विरोध झाला. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी हा निर्णय मागे घ्यावा असं पत्र दिलं. एप्रिलमध्येच शिक्षणमंत्र्यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती असल्याचं सांगितलं. मग जूनमध्ये सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ गेला आणि ‘सर्वसाधारणपणे’ आला. हिंदी सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान 20 मुलांनी तशी इच्छा दाखवायला हवी. तेवढी असतील तर शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल.

आता आमच्या शाळेचा हिशोब बघा. पहिली ते चौथी मिळून जेमतेम 30 मुलं, शिक्षक दोन. पहिलीत नऊ. नऊ मुलांतून 20 मुलांनी इच्छा कशी दाखवायची? म्हणजे आमच्यासाठी ‘सर्वसाधारणपणे’ आणि ‘अनिवार्य’ यांत काही फरक उरत नव्हता. वाड्या-वस्त्यांवरच्या कुठल्याही छोट्या शाळेला विचारा, हेच उत्तर मिळेल. शब्द बदलला, पण वर्गात काहीच बदललं नाही. लोक चिडले ते हिंदीवर कमी आणि या शब्दावर जास्त, असं माझं मत आहे. आपल्याला गुंडाळतायत हे माणसाला लगेच कळतं, मग तो शिकलेला असो वा नसो.

हिंदीशी माझं भांडण नाही. सिनेमे, गाणी, बाजार यांतून मुलं हिंदी आपसूक शिकतात. माझा मुद्दा वयाचा आहे. आमच्याकडे बऱ्याच घरांत अहिराणी बोलतात. पहिल्या आठवड्यात मुलगा “मना डबा” म्हणतो, त्याला ‘माझा डबा’ लिहायला शिकवायचं असतं. पुस्तकातली मराठी हीच त्याची दुसरी भाषा. सोबत इंग्रजी आहेच. राज्यात 2000 सालापासून ती पहिलीपासून शिकवतात. मी स्वतः इंग्रजीची अक्षरं पाचवीत गिरवली. तेव्हा पहिलीपासून इंग्रजी आणण्यावरही पुष्कळ वाद झाले होते. पण तो निर्णय टिकला आणि आम्ही तो राबवतोय. म्हणजे शिक्षक बदलाला विरोधच करतात असं नाही. फक्त सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरं ओझं ठेवण्याआधी, त्याला रोज जवळून बघणाऱ्याला कुणी तरी विचारावं, एवढंच.

शेवटी 29 जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही शासन निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुष्कळांनी ‘सरकार झुकलं’ म्हणून टाळ्या वाजवल्या, काहींनी टिंगल केली. मला दोन्ही पटलं नाही. चुकलेला निर्णय मागे घेणं यात कमीपणा कसला? वर्गात मी फळ्यावर बेरीज चुकवली आणि मुलानं दाखवून दिलं, तर मी पुसून नीट करते. पण पुसताना “इथं हातचा विसरले बघा” असंही सांगते. ते सांगितलं नाही तर मुलं पुढच्या वेळीही माझ्याकडे संशयानं बघणार. दोन निर्णय आले, दोन्ही गेले. कुठे चुकलं हे मात्र शाळेपर्यंत कुणी पोचवलं नाही.

गणवेशाचंही तसंच झालं. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा जवळच्या शिंप्याकडून गणवेश शिवून घ्यायची. 2024-25 ला ‘एक राज्य एक गणवेश’ आला. कापडाची खरेदी राज्य पातळीवर आणि शिलाई महिला बचत गटांकडे. बायकांना काम मिळावं हा हेतू चांगलाच होता. पण बऱ्याच शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश नाहीत, आले ते मापाचे नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये शासनाने हे काम पुन्हा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. या सगळ्यात पालकांचे प्रश्न कुणाकडे आले? आमच्याकडे. मंत्रालयातून निघालेल्या कागदाचा शेवटचा वाचक शाळेच्या फाटकात उभा असतो आणि त्याच्यासमोर शिक्षक असतो.

हे लिहिताना स्वतःकडेही बघायला हवं. आपण तरी कसं बोलतो?

दोन वर्षांपूर्वी मी पालकांच्या ग्रुपवर एक सूचना टाकली होती. “ज्या विद्यार्थ्यांचे आधार अद्ययावत नाही त्यांच्या पालकांनी सदर कार्यवाही तात्काळ पूर्ण करून शाळेस अवगत करावे, अन्यथा लाभापासून वंचित राहिल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.” वरून आलेला मजकूर जवळपास तसाच पुढे ढकलला होता. दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाची आई कांदा लागणीची मजुरी बुडवून, पोराला घेऊन तालुक्याला गेली. दिवसभर रांगेत उभी राहिली. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, याचं सगळं बरोबर आहे, तुम्ही कशाला आलात? मला फक्त चार मुलांच्या पालकांना सांगायचं होतं. तिचा मुलगा त्यांत नव्हताच. भाड्याचे पैसे गेले, मजुरी गेली. मी घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या बाई, मले वाटलं नाव काढत्यात शाळेतून.” ‘वंचित’ या शब्दाचा तिने लावलेला अर्थ हा होता. चूक तिची नव्हती.

डीएडला आम्हाला पाठ टाचण शिकवलं, फलकलेखन शिकवलं. पालकांना सूचना कशी लिहायची हे मात्र कुणी शिकवलं नाही. मग आपण शासन निर्णयाची भाषा उचलतो, कारण ती लिहिली की आपण मोठे वाटतो आणि जबाबदारीही अंगाला चिकटत नाही. ‘करण्यात यावे’, ‘सादर करावे’, ‘निदर्शनास आले आहे’. कुणी करायचं, कुणाच्या निदर्शनास आलं, काही पत्ता नाही.

चांगलं नेतृत्व मी लांब कुठे नाही, आमच्या पूर्वीच्या केंद्रप्रमुखांत पाहिलं. कुठलाही आदेश आला की ते आधी स्वतः वाचायचे आणि मग ग्रुपवर तीन-चार ओळी टाकायचे. काय करायचं, कधीपर्यंत, आणि काय अजून ठरलेलं नाही. “याबाबत मलाही माहिती नाही, विचारून सांगतो” असं ते न लाजता लिहायचे. आणि खरंच विचारून सांगायचे. त्यामुळे त्यांच्या केंद्रात अफवा कमी आणि कामं वेळेत असायची. साहेबांनी ‘माहीत नाही’ म्हटलं म्हणून त्यांचा मान कमी झालेला मी तरी पाहिला नाही.

म्हणून जूनमध्ये फाटकापाशी त्या आईला मी शेवटी एवढंच सांगितलं, “ताई, अजून नक्की ठरलेलं नाही. ठरलं की मी स्वतः सांगीन. तोवर आपण मराठीच पक्की करू.” ती हसली आणि कामाला गेली. 30 तारखेला मी तिला निरोप पाठवला.

आता मी एक सवय लावून घेतली आहे. पालकांच्या ग्रुपवर काहीही टाकण्याआधी आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना वाचून दाखवते. त्यांना पहिल्या वाचनात कळलं तरच पाठवते. परवा पालकसभेची सूचना मोठ्या झोकात वाचून दाखवली. खिचडी ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, “समदं बराबर हाय बाई, पन यायचं किती वाजता?”

वेळ लिहायची राहूनच गेली होती.