मिशा आणि तंबाखूची पुडी

नोव्हेंबर महिन्यात परदेशातल्या कचेऱ्यांमधले पुरुष मिशा वाढवतात. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ही हौस सुरू झाली आणि पुढे तिची चळवळ झाली. मिशीच्या निमित्ताने प्रोस्टेटसारख्या पुरुषांच्या कॅन्सरवर बोलणे होते, निधी जमतो. कल्पना चांगलीच आहे. पण आमच्या डोंगरकड्यात मिशा पूर्वीपासूनच आहेत!

आपल्या देशात पुरुषांना सर्वांत जास्त होतो तो तोंडाचा कॅन्सर. त्याचे मोठे कारण तंबाखू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून अधिक पुरुष तंबाखूचे सेवन करणारे निघाले. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, पण हातावर मळलेल्या तंबाखूला बंदी कोण घालणार? ही सवय बहुधा कामावरच लागते. उसाच्या फडात, ट्रॅक्टरवर एकमेकांपुढे पुडी करणे हाच आपल्याकडे स्नेह!

म्हणून उपायही कामाच्या जागीच हवा, असे मला वाटते. तोंड तपासायला एक बॅटरी आणि पाच मिनिटे पुरतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, एवढे दिसले की पुढची तपासणी करायची. गळीत हंगामाच्या सुरुवातीलाच कारखान्यांनी डॉक्टर बोलावून कामगारांची आणि ऊसतोड मजुरांची तपासणी करावी. मात्र त्या वेळेचा खाडा धरू नये, आणि नांदेडला जावे लागले तर त्या दिवसाची मजुरी द्यावी. पोटाला चिमटा बसणार असेल तर माणूस दुखणे लपवतो.

शाळेत आम्ही मुलांची नखे तपासत असू. मोठ्यांनी तोंड दाखवायला लाज कसली?