दयेलाही मात्रा हवी

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की रिद्धपूर, मोर्शी, चांदूरबाजार या आपल्या भागात कुत्र्यांची पिले जिकडेतिकडे दिसू लागतात. कुठे संत्र्याच्या बगीच्याच्या कुंपणापाशी, कुठे हॉटेलच्या भट्टीमागे, तर कुठे मठाच्या भिंतीच्या आडोशाला. एखादे गाडीखाली सापडून लंगडे होते, एखाद्याची आई मरते. मग कोणाच्या तरी पोरांना कळवळा येतो आणि पिलू पिशवीत बसून घरी येते. कधी मोठा, मार खाल्लेला कुत्राही येतो. 'चांगलं घर भेटेपर्यंत राहू द्या' एवढ्या बोलीवर घरची माणसेही हो म्हणतात. असा हा काही दिवसांचा पाहुणा.

येथपर्यंत सर्व ठीक असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र पाहुण्याला हगवण लागते आणि यजमान माझ्या दवाखान्याची पायरी चढतो. 'डॉक्टरसाहेब, कुत्र्याले एखादी गोळी द्या ना. सारं अंगण भरवून ठेवलं त्यानं.'

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याला औषध देण्याचा मला अधिकार नाही आणि ती विद्याही माझ्यापाशी नाही. ते काम पशुवैद्यांचे. परंतु 'माझे काम नव्हे' एवढेच सांगून त्या माणसाला परत पाठवले तर दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर घरातल्या डब्यातली माणसांची गोळी त्या जिवाच्या घशात जाते, नाही तर आठ दिवसांत पाहुणा पुन्हा रस्त्यावर जातो. दोन्हींत त्याचे मरण आहे. म्हणून हा विषय आज या सदरात घेत आहे.

माझे मत असे की, नव्याने घरी आलेल्या कुत्र्याचे पोट बहुतेक वेळा आपल्याच मायेने बिघडते. ती माया खोटी नसते, पण तिला माप नसते. औषधाला जशी मात्रा असते तशी दयेलाही हवी.

आपल्या मुलखाला जीवदया शिकवण्याची गरज नाही. रिद्धपूर हे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते गाव. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय देणे हेही एक सूत्र आहे. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर प्रत्येक घरात ठाऊक आहेत. डॉक्टर म्हणून माझी विनंती एवढीच की, नामदेवांची भावना अवश्य घ्यावी, तुपाची वाटी मात्र पहिले पंधरा दिवस घरातच ठेवावी. उपासाची सवय असलेल्या पोटाला तूप, दूध-भाकर, कालचे वरण, वर बिस्किटे असा पाहुणचार झाला तर ते पोट काय करील?

पोट बिघडण्याची कारणे साधी आहेत. पहिले कारण म्हणजे भीती. जागा नवी, माणसे नवी, वास नवे. परीक्षेच्या दिवशी मुलांना वारंवार संडासला जावे लागते ना? कुत्र्याचेही तसेच होते. अशा वेळी शी थोडी थोडी, पुन्हा पुन्हा आणि शेंबडासारखी बुळबुळीत होते. दुसरे कारण अन्नातील अचानक बदल. आतड्यातील जंतूंना नव्या अन्नाची सवय होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. तिसरे कारण दूध. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक कुत्र्यांची दुधातील साखर पचवण्याची शक्ती कमी होते. दूध पाजून पिलू जगवले असे आपण समजतो आणि हगवण दुधानेच चालू राहते. (डोळेही न उघडलेल्या पिलाची गोष्ट वेगळी. ते कसे पाजावे हे पशुवैद्यांनाच विचारावे.) चौथे कारण जंत. रस्त्यावरच्या पिलाच्या पोटात ते असतातच असे धरून चालावे.

आता उपाय. पहिला उपाय अन्नाचा नाही, शांततेचा आहे. घराच्या वर्दळीपासून दूर एक कोपरा द्या. खाली गोणपाट, शेजारी स्वच्छ पाण्याचे भांडे, एवढे पुरे. आल्याबरोबर आंघोळ घालू नका. शेजारपाजारची मुले पाहायला बोलावू नका. त्याला उचलू नका, डोळ्यांत डोळे घालून पाहू नका, खाताना हात लावू नका. आपण जवळ बसून आपले काम करीत राहावे. त्याला वाटेल तेव्हा तो हुंगायला येईल. कुत्रे सांभाळणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत समजायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने. पहिल्या दिवशी त्याने खाल्ले नाही, रात्री कुंई-कुंई केली, घरात लघवी केली, तर त्याला मारू नये. मार खाल्लेला कुत्रा शिस्त शिकत नाही. तो फक्त लपून करायला शिकतो. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी त्याला ठरावीक जागी बाहेर न्यावे. वेळ एक, माणूस एक आणि जागा एक असली की आठवडा-पंधरवड्यात सवय लागू लागते.

मग अन्न. तो आधी काय खात होता हे कळले तर चार दिवस तेच द्यावे आणि नवे अन्न चौथाई, निम्मे, पाऊण अशा क्रमाने आठवड्याभरात वाढवावे. पोट बिघडलेच असेल तर मऊ शिजवलेला बिनमिठाचा भात आणि त्यात थोडे ताजे दही, किंवा हाड व चरबी काढून नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी. मांसाहार नसलेल्या घरांत दही-भात, मुगाच्या वरणाचे बिनफोडणीचे पाणी, उकडलेल्या लाल भोपळ्याचा, म्हणजे आपल्या कोहळ्याचा, एखाद-दोन चमचे गर, यावर दोन-चार दिवस सहज निघतात. पुढे मात्र वाढत्या पिलाला पुरेशी प्रथिने हवीत. त्याचा आहार पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावा. एकदाच भरपूर घालण्याऐवजी दिवसातून चार वेळा थोडे थोडे घालावे. 'लंघन परमौषध' हा नियम पिलाला लावू नये. त्याच्या रक्तातील साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. पाणी कधीही तोडू नये, पण तोंड उघडून बळेच ओतूही नये. ते फुप्फुसात जाते. तिखट, तेल, फोडणी बंद. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, द्राक्षे व मनुके मूत्रपिंडाला घातक आहेत, चॉकलेट विषारी आहे, शिजवलेली हाडे तुटून आतड्यात रुततात. ही यादी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावी.

औषधांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. आपल्या घरातील गोळी कुत्र्याला देऊ नका, अर्धी नको आणि पावही नको. तापाची पॅरासिटामॉल त्याचे यकृत व रक्त बिघडवू शकते. अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हगवण थांबवणारी गोळी दिली तर आजार आत कोंडला जातो आणि आपल्याला वाटते की गुण आला. जंतांचे औषधही वजन करून, पशुवैद्यांच्या सल्ल्याने आणि सांगितलेल्या अंतराने पुन्हा द्यायचे असते.

सगळीच हगवण भीतीची किंवा दुधाची नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. पिलू सुस्त पडले, खाणे टाकले, उलट्या सुरू झाल्या आणि शी रक्ताची व अतिशय दुर्गंधीची झाली, तर तो पार्व्हो असू शकतो. हा विषाणूचा आजार १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि लस न घेतलेल्या पिलांना आजही पटापट मारतो. आजार अंगात शिरल्यावर काही दिवस पिलू धडधाकट दिसते. म्हणून आणले तेव्हा चांगले होते आणि चार दिवसांनी पडले असे घडते. अशा वेळी भात-दही करीत बसू नये. सलाइन व उपचार तातडीने मिळाले तर बरीच पिले वाचतात. हिरड्या पांढऱ्या पडणे, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर चटकन जागेवर न येणे, पोट फुगणे, मोठ्या कुत्र्याची हगवण दोन दिवसांत न थांबणे, गोचिडांबरोबर ताप येऊन नाकातून रक्त येणे, ही सारी तातडीची लक्षणे होत. गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तेथून पुढे अमरावतीचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तर अकोला बाजूच्या लोकांना तेथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जाताना झाकणाच्या डबीत थोडी शी तपासणीसाठी न्यावी. घरात दुसरे कुत्रे असेल तर पाहुण्याला त्याच्यापासून वेगळे ठेवावे. पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. त्याला मारण्यास फिनाइलचा भरवसा नाही, आधी घाण काढून मग ब्लिचिंगच्या पाण्याने फरशी धुवावी लागते. माणसाला हा आजार होत नाही.

आता माझ्या हक्काचा विषय, म्हणजे घरातील माणसे. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीतून व हातातून लहान मुलांच्या पोटात जातात. म्हणून शी लगेच उचलून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. दुसरा धोका रेबीजचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. 'पिलू लहान हाय, दातच लागला, चावलं थोडीच' असे मला नेहमी ऐकावे लागते. रेबीज पिलालाही होतो आणि ओरखडा किंवा जखमेवर चाटणे हेही पुरेसे असते. असे काही झाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण ती जुनी लस आपल्या देशात २००४ मध्येच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत लस देतात, पहिल्या दिवशी आणि नंतर ३, ७ व २८ दिवसांनी. रक्त निघाले असेल तर जखमेत सिरमही भरावे लागते. कुत्रा डोळ्यांसमोर आहे म्हणून वाट पाहत बसू नये. लस सुरू करावी आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. जे वारंवार अशी कुत्री सांभाळतात त्यांनी ही लस आधीच घेण्याबद्दल विचारून ठेवावे. पाहुण्याला रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी.

इतकी यातायात एका गावठी कुत्र्यासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. गावठी कुत्रे घरात टिकत नाही हा समज चुकीचा आहे. मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाऊसचे २०१८ मध्ये नूतनीकरण झाले तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तेथे खास खोली करण्यात आली. ती कुत्री आपल्या चौकातल्या कुत्र्यांच्याच जातीची. फरक एवढाच की त्यांना वेळ दिला गेला. शिवाय आता कायद्याच्या नजरेतही ही जबाबदारी गंभीर झाली आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असेल तर पालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. न्यायालय सांगो वा न सांगो, माणुसकीही तेच सांगते. घरचे खायला शिकलेले आणि माणसांवर विसंबलेले पिलू आठ दिवसांनी चौकात सोडणे ही दया नव्हे. ते न आणलेले बरे. आणायचे असेल तर निदान पंधरा दिवसांची हगवण, धुणे-पुसणे आणि एक-दोन फेऱ्या दवाखान्याच्या, एवढा हिशेब आधी करून मग आणावे.

शेवटी एक सूचना, जी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पाहुण्याला कायमचे घर मिळते त्या दिवशी त्याची भीती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि पोटही. म्हणून सोपवताना नुसते कुत्रे देऊ नये. लशीचा व जंतांच्या औषधाचा कागद, काय खातो व किती वाजता खातो याची चिठ्ठी, चार दिवस पुरेल इतके तेच अन्न आणि त्याच्या अंगाचा वास असलेले ते गोणपाट सोबत द्यावे. आणि नव्या यजमानाला सांगावे, 'पहिले पंधरा दिवस याचे लाड जरा बेतानेच करा.'